बेळगाव भागात मधपेट्यांचं दुकान आणि मधमाशी केंद्र काढायचंय? आधी ऑक्टोबरचा हिशेब बघा

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. उचगावकडचे एक भाऊ पुण्यातली नोकरी सोडून गावी यायचं म्हणतायत. बेळगाव-वेंगुर्ला रोडला लागून घरचा गाळा आहे, मागं १५-२० गुंठे जमीन आणि हाताशी ८-१० लाख आहेत. गाळ्यात मधपेट्या, साहित्य आणि मध विकायचा, मागच्या जागेत शाळेच्या पोरांना मधमाश्या आणि परागीभवन दाखवणारं केंद्र काढायचं असा बेत आहे. विचारलंय की हे चालेल का, सातेरी (इथली देशी माशी) ठेवू की मेलिफेरा (बाहेरून आणलेली), महाराष्ट्राची मधाची योजना आपल्याला मिळते का आणि केंद्राला तिकीट लावावं का.

मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला बरीच वर्षं माश्या पाळतोय, सुताराकडून पेट्या करून घेऊन विकतो, शाळांतपण जातो. म्हणून हे जरा लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

"दुकान चालेल का" हे जरा बाजूला ठेवा. खरा प्रश्न असा आहे की गिऱ्हाईक कोण, आणि ते दुसऱ्यांदा कशाला येईल? खताच्या दुकानात शेतकरी दर हंगामाला येतोच, त्याला पर्याय नाही. मधपेटीचं तसं नाही बघा. चांगल्या लाकडाची पेटी रंग मारून, पावसापासून जपून ठेवली तर कितीतरी वर्षं जाते, धुराडं, बुरखा, पटाशी एकदा घेतली की झालं, आणि मधयंत्र तर चौघांत मिळून एक पुरतं. म्हणजे एका माणसाला पाच पेट्यांचं सगळं साहित्य विकलं की तुमचा त्याच्याशी व्यवहार जवळजवळ संपला. तो परत येतो ते एकाच कारणानं, त्याच्या पाचाच्या आठ-दहा पेट्या व्हायला लागल्या तर. आणि तसं कधी होतं? पावसाळा संपल्यावर त्याच्या पेटीत माशी शिल्लक असेल तर. नसेल तर ती पेटी माळ्यावर जाते, त्यात कोंबडी अंडी घालते, आणि तो गावभर सांगत फिरतो की हे काय आपल्याकडं जमत नाही. आपल्या भागात दुकानं पैशावाचून कमी आणि माळ्यावर गेलेल्या पेट्यांमुळं जास्त बंद पडतात. म्हणून मी माझा हिशेब मार्चअखेरीला न करता ऑक्टोबरात करतो. दिलेल्या पेट्यांपैकी किती जिवंत आहेत, एवढाच आकडा बघतो.

आता आपल्याकडचं वर्ष कसं चालतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पश्चिमेकडं, म्हणजे खानापूर, बेळगाव तालुक्याचा डोंगराकडचा पट्टा, पलीकडं चंदगड, आजरा, इथं जानेवारी-फेब्रुवारीत सावर, पांगारा, मग काजू, आणि मार्च-एप्रिलला जांभूळ, हिरडा असा फुलोरा असतो. मध मिळतो तो तेवढ्याच काळात. वळीव पडायला लागला की हात आवरायचा. जून ते सप्टेंबर माशीला बाहेर पडता येत नाही, पडली तरी फुलात काय नसतं. राणी अंडी कमी करते, वसाहत बारीक होते, रिकाम्या पोळ्यांवर मेणकिडा बसतो आणि एक दिवस पेटी उघडली की आत नुसती जाळी आणि भुसा. पूर्वेकडं गोकाक, बैलहोंगल, अथणीला चित्र एकदम वेगळं आहे, तिथं पाऊस कमी, सूर्यफूल, मका, ज्वारी, भाजीपाला आहे, माशीला त्रास होतो तो उन्हाळ्याचा आणि फवारणीचा. कणकुंबीचा पाऊस आणि अथणीचा पाऊस यांची तुलनाच होत नाही आणि तरी जिल्हा एकच. त्यामुळं कुणी "बेळगावात अमुक माशी चालते" असं ठोकून सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या तालुक्यात?

तुमच्या उचगावच्या पट्ट्यासाठी मी सातेरीच सांगेन. ती इथलीच आहे, पडक्या भिंतीत, झाडाच्या ढोलीत, वारुळात तुम्हाला आजपण सापडेल. वरोआ नावाचा कोळ्याच्या जातीचा बारका जीव असतो, त्याच्याशी तिचं जुनं जमलेलं आहे, औषध घालावं लागत नाही. मध कमी, वर्षाला पेटीमागं पाच-सात किलो मिळाला तरी खूश व्हा. मेलिफेरा आपल्या देशात १९६२ ला हिमाचलातल्या नगरोटा बगवानला नीट रुजली आणि उत्तरेत तिनं कमाल केली, मधाचं उत्पादन कितीतरी पट, पण ती फिरती माशी आहे. सूर्यफुलाला इकडं, मोहरीला तिकडं असं ट्रकनं हलवत राहिलं तर ती पैसे देते, वरोआचा उपचार करावा लागतो आणि कोकणाला चिकटलेल्या पावसात ती बसून नुसती साखर खाते. दुकानात दोन्ही जातींचं साहित्य ठेवायचा मोह होतो, पण सुरुवातीला करू नका. पेट्यांचं माप वेगळं, चौकटी वेगळ्या, एवढंच काय मेणपत्र्यावरच्या (पोळ्याचा पाया म्हणून चौकटीत लावायचा मेणाचा पातळ पत्रा) घरांचं मापपण वेगळं असतं. सातेरीचं घर बारीक असतं, मेलिफेराचा मेणपत्रा तिला दिला तर ती त्यावर सरळ बांधत नाही, आणि गिऱ्हाईक तुम्हालाच शिव्या घालतं.

मापावरूनच पुढचा मुद्दा. एकदा चंदगडकडचा एक शेतकरी टेम्पोत पेटी घालून माझ्याकडं आला. गावातल्या सुतारानं केलेली, लाकूड फणसाचं, एकदम झकास, कोपरे बघून मलाच हेवा वाटला. झाकण उचललं तर चौकटी दिसेनातच. माश्यांनी पोळी चौकटीत सरळ न बांधता आडवी, एका चौकटीवरून दुसरीवर अशी बांधलेली. एक चौकट वर ओढली तर शेजारच्या दोन फाटत वर आल्या, पिलावा (अंडी-अळ्यांचा भाग) उघडा पडला, मध तळपाटावर ठिबकायला लागला. पट्टी लावून बघितलं तर चौकट आणि भिंत यांच्यामध्ये अख्खं बोट जात होतं. सातेरीला ७ ते ९ मिमी एवढी फट लागते, जाण्यायेण्यापुरती. त्याच्यापेक्षा जास्त जागा सोडली की तिथं ती पोळं बांधणारच, कमी सोडली तर माशी अडकते. दोन पोळ्यांच्या मधल्या रेषांतलं अंतर साधारण ३२ मिमी. सुताराची चूक काहीच नव्हती, त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं, त्याला वाटलं चौकट सुटसुटीत बसावी. तेव्हापासून मी सुताराला तोंडी माप देतच नाही, ८ मिमी जाडीची लाकडी पट्टी करून दिलीय, प्रत्येक पेटीत ती चारी बाजूंनी सरकवून बघायची आणि मगच रंग. रंगपण बाहेरूनच, आतून नाही.

आणि एकच माप धरा. न्यूटन पेटी, आयएसआय ए टाईप, बी टाईप असं सगळं बाजारात मिळतं, चौकटी एकमेकीत बसत नाहीत. तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं एकाच मापाच्या चौकटी असल्या तर एकाच्या कमजोर पेटीला दुसऱ्याच्या जोरदार पेटीतली पिलाव्याची चौकट देता येते, पेटी सुधारते, म्हणजे ऑक्टोबरचा आकडा सुधारतो. कुठलं माप निवडायचं यावर माणसं तावातावानं भांडतात. माझ्या मते, तुमच्या आसपास ज्यांच्याकडं आधीच पेट्या आहेत त्यांच्याकडं जे आहे तेच घ्या, संपलं.

आता दुकानात खरं विकायचं काय? साहित्य ठेवा पण थोडं. आधी दहा-पंधरा पेट्यांचा माल, दोन-तीन मधयंत्रं, बुरखे, धुराडी, राणी जाळ्या, मेणपत्रे, बास. तीन लाखांचा माल गाळ्यात मांडून पाटी लावली की बघायला येतात सगळे, घेत कुणी नाही. खरं विकलं जातं ते माशीसकट पेटी आणि पावसाळ्यातली देखभाल. मी तर नवीन माणसाला नुसती रिकामी पेटी देतच नाही आणि एक पेटीपण देत नाही, दोन देतो. एक असली की तिला कशाशी ताडून बघायचं तेच कळत नाही, दोन असल्या की "ही जोरात आहे, ती का नाही" हा प्रश्न त्याचा त्यालाच पडतो. किमतीतच जून ते ऑक्टोबरच्या फेऱ्या धरून घेतो. फेरीत काय करायचं, तर माश्या जेवढी पोळी झाकतायत तेवढीच आत ठेवायची, रिकामी काढून घ्यायची म्हणजे मेणकिड्याला जागा राहत नाही. तळपाट झाडायचा. संध्याकाळी साखरेचा पाक, निम्मी साखर निम्मं पाणी, झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीत भरून आत उलटी ठेवायची. बाहेर सांडला की मुंगळे आणि शेजारच्या पेटीची लूटमार सुरू. स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या. आपल्याकडं गांधीलमाश्या ऑगस्ट-सप्टेंबरला पेटीच्या दाराशी येऊन एकेक माशी उचलतात, दार बारीक करायचं. आणि कणकुंबी-जांबोटीच्या जंगलाकडंच्या गिऱ्हाइकांना अस्वलाचं सांगून ठेवा, घरापासून लांब ठेवलेली पेटी एका रात्रीत फोडून टाकतं.

कामाच्या या भागाला माणसं नाक मुरडतात, पेट्रोल जाळून फिरायचं म्हणतात, पण पैसे इथंच आहेत. शिवाय फिरताना आणखी कामं मिळतात. "टाकीखाली आग्या बसलंय, काढून द्या" असे फोन तर रोजचे. आग्याला पेटीत घालता येत नाही, ते शक्य तिथं राहू द्यायचं, त्रासदायक जागी असेल तर रात्रीचं, माहीतगार माणूस घेऊनच हलवायचं, पेटवून द्यायचं नाही. हे काम स्वतः लगेच घेऊ नका.

माश्या कुठून आणायच्या हा पण विचार करा. लांबून स्वस्तात वसाहती आणणारे भेटतील. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू दक्षिणेत, कर्नाटकातपण, पसरला आणि सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर गेल्या. जुने लोक अजून सांगतात की पेट्या रिकाम्या झाल्या म्हणून. अळी घरात डोकं वर करून पिशवीसारखी पाणथळ होऊन मरते, चिमट्यानं ओढली तर अख्खी पिशवी बाहेर येते. म्हणून तुम्ही आधी स्वतः इथल्याच वसाहती वाढवा, त्यातून विभाजन करून, म्हणजे एका वसाहतीच्या दोन करून, विका. जुन्या वापरलेल्या चौकटी, पोळी विकत घेऊ नका आणि विकूपण नका. जंगलातलं मोहळ काढून आणून विकणारे येतील, वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काढलेलं असेल तर तुम्ही पण अडकता.

मधाचं बोलायचं तर, वेंगुर्ला रोडला शनिवार-रविवार आंबोली-सावंतवाडी-गोव्याच्या गाड्या असतात, रस्त्यावरचा गाळा आहे म्हणजे मध खपेल. दुकानाला बारा महिने हात देईल तो मधच. पण सातेरीचा मध मुळात पातळ. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, मर्यादा २० टक्के पाणी. पोळ्याची निदान पाऊण घरं मेणानं बंद झाल्याशिवाय काढलेला आणि वळीव पडल्यावर काढलेला मध हमखास वर जातो, बाटलीत फेस येतो, आंबूस वास येतो, झाकण फुगतं. म्हणून रिफ्रॅक्टोमीटर घ्या, हातात मावणारं साधं यंत्र आहे, एक थेंब टाकायचा, उजेडाकडं धरायचं आणि आकडा वाचायचा. दुकानात ते काऊंटरवरच ठेवा आणि गिऱ्हाइकासमोर मोजा. गिऱ्हाइकाला हल्ली भेसळीची धास्ती आहे, २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सीएसई संस्थेनं बाजारातले १३ ब्रँड तपासले त्यातले १० एनएमआर या भेसळ पकडणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत नापास झाले, तेव्हापासून तर जास्तच. मग कुणी कागद जाळून बघतं, कुणी पाण्यात थेंब सोडतं, कुणी म्हणतं कुत्रं खात नाही तो खरा. यातलं एकही खात्रीचं नाही. थंडीत मध बसला, दाणेदार झाला, की बाटली परत घेऊन येतात, "साखर घातलीय". कोमट पाण्यात ठेवा, विरघळेल, ग्लुकोज आहे ते, असं दिवसाला चार वेळा सांगायची तयारी ठेवा. जांभळाचा मध काळपट आणि किंचित कडसर असतो, तो चाखायला द्या, एकदा आवडला की तोच माणूस दरवर्षी एप्रिलात फोन करतो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हे लेबलवर स्पष्ट लिहा, आपल्याकडं बाळाला मध चाटवायची पद्धत आहे, पण बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळं होणाऱ्या विषबाधेचा, धोका खरा आहे. एफएसएसएआय नोंदणी, वजन-माप खात्याचे लेबलचे नियम, शिक्का मारलेला काटा, हे सगळं पहिल्या बाटलीच्या आधी. जीएसटीचं सीएला विचारा.

योजनेबद्दल. महाराष्ट्राची मध केंद्र योजना राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ चालवतं, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, निम्मं अनुदान, निम्मी स्वतःची गुंतवणूक, हमीभावानं मध खरेदी असं तिचं स्वरूप. ती महाराष्ट्रातल्या माणसासाठी. आपण बाचीच्या अलीकडं, शिनोळी पलीकडं, चार पावलांचं अंतर पण उतारा कर्नाटकाचा आहे, त्यामुळं तिच्यावर बेत आखू नका. इकडं मधमाशीपालन बागायत खात्याकडं, तोटगारिके इलाख्याकडं येतं, तालुक्याच्या ऑफिसात जाऊन यंदा पेट्यांना काय अनुदान आहे विचारायचं, दरवर्षी बदलतं. केंद्र सरकारचं मात्र दोन्ही राज्यांना चालतं, मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी करा, आणि पेट्या तयार करायचं युनिट दाखवून पीएमईजीपीत (नवीन उद्योगाला कर्ज-अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना) बसतं का ते खादी आयोगाच्या किंवा बँकेच्या माणसाशी बोला. अनुदान आलं तर बरं, नाही आलं तरी चाललं पाहिजे असाच आकडा धरा.

सीमेमुळं धंद्यावर एक परिणाम होतो तो मात्र लक्षात घ्या. चंदगड, गडहिंग्लजच्या शेतकऱ्याला तिकडून निम्म्या किमतीत पेटी मिळत असेल तर तो तुमच्याकडून पूर्ण किमतीत कशाला घेईल? पण अनुदानाच्या पेटीला पुढं देखभाल कोण करणार, मोडलेली चौकट कुठं मिळणार, मेणपत्रा कुठं मिळणार? ते तुमच्याकडं. म्हणून पलीकडच्या गिऱ्हाइकासाठी सुटं साहित्य आणि फेऱ्या, अलीकडच्यासाठी माशीसकट पेटी, असा माल वेगवेगळा धरा. पाटीचं म्हणाल तर २०२४ पासून कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असावं लागतं, सरळ तशी करून टाका, त्यात वेळ घालवू नका. माहितीपत्रक मराठी-कन्नड दोन्ही ठेवा, बैलहोंगल-गोकाककडची माणसं येणार आहेत आणि सूर्यफूलवाले तेच आहेत.

आता केंद्र. मला विचाराल तर केंद्र म्हणजे दुकानाचा शोभेचा भाग नाही, गिऱ्हाईक तयार होतं ते तिथंच. पण शेड बांधून, फरशी घालून, मोठी माशी सिमेंटची करून दारात बसवून पैसे संपवू नका (हे मी पाहिलंय, सिमेंटची माशी होती, खरी एकपण नव्हती). शेतजमिनीवर तिकीट लावून कायमचं बांधकाम करायचं तर एनएचा, म्हणजे बिनशेती परवान्याचा, प्रश्न येतो, तो आधी तहसीलदार कचेरीत विचारून घ्या. सुरुवातीला पत्र्याची सावली, बाकं, आणि दोन्ही बाजूंनी काच असलेली एक चौकटीची पेटी पुरे. पोरांना राणी शोधायला लावा, अर्धा तास कुणी हलत नाही. त्याच्या जोडीला पोयाची माशी ठेवा, डंख नाही, बारकी काळी, भिंतीच्या भोकात मेणाची नळी करून राहते, घाबरणारी पोरं तिथून सुरुवात करतात.

केंद्राचं नाव परागीभवनाचं ठेवणार असाल तर नुसती मधमाशी दाखवून भागणार नाही. कडोलीकडची भाजीवाल्यांची पोरं येतील तुमच्याकडं, त्यांना वांगी-टोमॅटो दाखवा. वांग्याचा पराग नळीसारख्या पुंकेसरात बंद असतो, टोकाला बारीक भोक, तो बाहेर येतो तो हलवल्यावरच. मधमाशीला ते जमत नाही. काळा भुंगा आणि काही रानमाश्या फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतात तेव्हा पराग धुळीसारखा पडतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो नादकाटा घ्या, वाजवून वांग्याच्या फुलाला टेकवा आणि खाली काळा कागद धरा, पिवळी भुकटी पडलेली दिसते. शाळेत हा प्रयोग केला की मास्तरसुद्धा दोनदा करून बघतात. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, त्याच्यावर येणारे कीटक वेगळे. भुंग्यासाठी वाळकं लाकूड आणि बांबूचे तुकडे टांगा, बांधाला शेवगा, तुळस, सब्जा, आणि कोथिंबीर, बडीशेप, मोहरी फुलाला सोडून द्या. स्वस्तातली बाग होते आणि वर्षभर काहीतरी फुलात राहतं.

वेळापत्रक जरा विचित्र आहे. जागतिक मधमाशी दिन २० मे, संयुक्त राष्ट्रांनी २०१७ ला ठरवला, पण तेव्हा शाळांना सुट्टी. शाळा सुरू होतात त्याच वेळी पाऊस, आणि पेट्या सगळ्यात कमजोर, तेव्हा चाळीस पोरं घेऊन पेटी उघडत बसलात तर माशी चिडते आणि पळून पण जाते. मग दसऱ्याची सुट्टी आमच्याकडं, दिवाळीची चंदगडकडं. म्हणून शाळांच्या भेटी नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्याच घ्या, आणि मे महिन्यात शिबिर ठेवायचं तर ते मोठ्यांसाठी. पावसात तुम्ही शाळेत जा, काचेची पेटी न नेता नुसती रिकामी पोळी, मेण, नादकाटा आणि वांग्याची फुलं घेऊन.

तिकिटाचं माझं उत्तर, खासगी शाळांना आणि रविवारी येणाऱ्या कुटुंबांना लावा, सरकारी मराठी-कन्नड शाळांना नको. त्यांच्याकडं सहलीला पैसे नसतात, आणि पेट्या घेणारे पालक बहुतेक याच शाळांतल्या पोरांचे असतात.

डंखाबद्दल हलगर्जी अजिबात नको. डंख रुतला की नखानं, कशानंही, लगेच काढायचा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. पण एखाद्याला अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, १०८ ला फोन आणि थेट दवाखाना. भेटीच्या आधी शाळेकडून लेखी घ्या की कुणाला आधी डंखाचा त्रास झालाय का. पेट्यांची दारं वाटेकडं करू नका, मध्ये सहा-सात फुटी जाळी किंवा दाट कुंपण असलं की माशी वरून उडते. आणि विमा काढा.

शेतकऱ्यांना केंद्रात एक दिवस वेगळा बोलवा, कारण सूर्यफूल, काजू, वेलवर्गीय भाजी यांत पेट्या ठेवल्याचा फायदा त्यांना डोळ्यांनी दिसतो. पण पेटी देण्याआधी फवारणी काय आणि कधी करता ते विचारा. फुलोऱ्यात फवारणी नको, करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर, आणि शेजारच्या सोयाबीनवाल्याशीपण बोलून ठेवायला पाहिजे. माशी दीड किलोमीटर जाते, तिला बांध कळत नाही.

एवढं सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर क्रम असा धरा. तुम्ही अजून पुण्यात आहात ना, मग नोकरी सोडायच्या आधी तिथं गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथला कोर्स करा. सुट्टीत भुदरगड तालुक्यातलं पाटगाव आणि महाबळेश्वरजवळचं मांघर ही मधाची गावं बघून या, आणि तिथल्या पाळणाऱ्यांना पावसाळ्याबद्दलच विचारा, बाकी सगळं ते आपणहून सांगतात. इकडं आल्यावर धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि आरभावीचं बागायत कॉलेज यांच्याशी ओळख ठेवा, रोग ओळखायला उपयोगी पडतात. मग मागच्या जमिनीत दहाएक सातेरीच्या पेट्या एक अख्खा पावसाळा सांभाळा, गाळा तेवढे दिवस भाड्यानं दिलात तरी चालेल. त्या ऑक्टोबरात निम्म्याहून जास्त टिकल्या तर दिवाळीनंतर दुकान उघडा, पहिल्या गिऱ्हाइकांना त्याच पेट्यांचं विभाजन द्या आणि जानेवारीत पहिली शाळा बोलवा. ८-१० लाखांतले निम्मे तरी दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यासाठी बँकेत ठेवा, जून ते सप्टेंबर विक्री जवळजवळ नसते, खर्च मात्र साखरेचा आणि पेट्रोलचा चालू असतो.

तुमच्या जमिनीपासून किलोमीटर-दीड किलोमीटरात काय काय झाडं आणि पिकं आहेत, पाणी कुठं आहे आणि उसाचं क्षेत्र किती आहे ते लिहा. नुसता ऊसच असेल तर पेट्या तिथं न ठेवता बेळगुंदी-राकसकोपच्या काजूच्या बाजूला कुणाच्या तरी बांधावर ठेवाव्या लागतील, आणि मग केंद्रात फक्त दाखवायच्या दोन पेट्या.